शून्य मार्कांची उपमा

तुम्हीच दिलंत ते शून्य. हात झटकू नका. तुमचं नाव कुणाला ठाऊक नाही, तुमची खुर्ची कितव्या मजल्यावर आहे तेही कुणी सांगत नाही. पण मुख असेल तर ते चंद्रासारखंच असायला हवं, डोळे असतील तर कमळासारखेच, आणि याच्या बाहेर कुणाला काही दिसलं तर त्याला मार्क द्यायचा नाही, हे ठरवलंत तुम्हीच. शेवटचं कमळ कधी पाहिलंत हो? पाण्यात पाहिलंत, की देवळाबाहेर टोपलीत, काड्या खोचून उघडलेलं?

महाळुंग्याच्या त्या शाळेत दहावीचे वर्ग उन्हाळ्यातच सुरू होतात. जून सरता सरता पहिली चाचणी झाली. मराठीत प्रश्न आला, 'उपमा अलंकाराचे एक उदाहरण लिहा.' जुईली नावाच्या मुलीनं लिहिलं, 'आमच्या बिल्डिंगची लिफ्ट आजोबांच्या दम्यासारखी धापा टाकत वर येते.' शून्य. तिच्या मागच्या बाकावरच्यानं लिहिलं, 'शुक्रवारी संध्याकाळी आईचा आवाज शाळा सुटल्यासारखा होतो.' शून्य. संस्थेनं यंदा पेपर तपासायला कॉम्प्युटर बसवला होता. नमुना उत्तराशी जुळलं तर मार्क, नाही जुळलं तर भोपळा. निम्म्या वर्गाला भोपळा मिळाला आणि तो सगळा भोपळ्याचा वेल जाऊन मराठीच्या बाईंच्या गळ्यात पडला. कारण बाईंनीच वर्गात सांगितलं होतं, गाइड मिटा, डोळे उघडा, आणि दिसतंय त्यातलं लिहा.

त्या बाई म्हणजे रेश्मा. कासारसाईच्या वाल्मीक ढमाल्यांची धाकटी. बोलायला फटकळ, कामाला वाघ, आणि गावात तिच्या वाटेला शहाणा माणूस जात नसे.

त्या दिवशी ती स्कूटीवरून घरी आली ती धुमसतच. पावसानं जरा उघडीप दिली होती. हिंजवडीच्या ट्रॅफिकनं उरलासुरला जीव खाल्ला होता. गाडी लावून ती घराच्या खालच्या अंगाला वळली... आणि जागच्या जागी थिजली.

भाताच्या रोपावर एक माणूस झोपला होता.

वीतभर वाढलेलं, दाट, पोपटी रोप. महिनाभर जपलेलं. त्याच्या मधोमध प्लॅस्टिकची चटई टाकून, कानात गाणी लावून, एक तरुण आभाळाकडे बघत पडला होता. चेहऱ्यावर असं समाधान, की बघणाऱ्याच्या अंगाची लाही व्हावी.

"उठा!"

त्यानं कानातलं काढलं. हसला. "नमस्कार. मी सौरभ. वरची खोली मीच घेत—"

"आधी उठा!"

"अहो, काही सांडलं नाहीये मी. नुसता पडलोय. किती सुंदर लॉन ठेवलंय तुम्ही."

"लॉन?" रेश्माचा शहरी आवाज तिथंच संपला. "भाताचं रोप हाय त्ये! वरीसभर काय खायाचं आमी? तुमची चटई?"

तो असा ताडकन उठला की आणखी चार मुठी रोप त्याच्या टाचेखाली गेलं. "सॉरी... खरंच... मला वाटलं..."

"काय वाटलं? दिसाया सारखं म्हणून तेच समजायचं? ह्याला भ्रांतिमान म्हणतात. माझ्या दहावीच्या पोरांना येतंय. दोरीला साप समजून पळणारा एक, आणि रोपाला लॉन समजून लोळणारे तुमी!"

"मी लातूरकडचा," तो खाली मान घालून म्हणाला. "आमच्याकडं भात डायरेक्ट ताटातच दिसतो."

तिला हसू येणार होतं. तिनं ते दातांखाली चावलं.

आरडाओरडा ऐकून वाल्मीक बाहेर आला. त्यानं एकदा रोपाकडं पाहिलं, एकदा लेकीकडं. "आगं रेश्मा, भाडेकरू हाय त्यो. बैल न्हाई."

"बैल परवडला आबा. बैल खाऊन जातोय, झोपत न्हाई."

"मी भरपाई देतो," सौरभ म्हणाला.

"पैसं दिल्यावर रोप उभं ऱ्हातं व्हय?" वाल्मीक म्हणाला. "आवणीला या, रोपं लावाया. वाकलं की कळतंय."

अशी झाली त्यांची पहिली भेट. कुणी कुणाकडं चोरून पाहिलं नाही, कुणाची ओढणी उडाली नाही. तो चिखलात उभा होता, ती त्याला शिव्या घालत होती... आणि रात्री जेवताना मात्र तिला अचानक 'डायरेक्ट ताटातच' आठवलं आणि ठसका लागला.

मग ओट्यावरचे दिवस सुरू झाले. ऑफिसातून आला की सौरभ वर जायच्या आधी पायरीवर टेकायचा. रेश्मा वह्या तपासत बसलेली असायची. पागोळ्या गळत असायच्या. एकदा तिनं लिफ्टची गोष्ट त्याला सांगितली. सांगता सांगता लाल पेनाचं टोक वहीत रुतलं.

"एवढं काय असतं त्या उपमेत?" त्यानं विचारलं.

"एवढंच असतं. कशाला, कशासारखं म्हणताय, आणि कुठल्या गुणानं. तिसरं सांगता आलं नाही तर पहिली दोन फुकट. लिफ्ट दम्यासारखी. का? धाप लागते म्हणून. पोरीनं ऐकलंय ते. रोज ऐकते. आणि मुख चंद्रासारखं म्हणणाऱ्याला विचारा, का? तर गाइडात आहे म्हणून!"

सौरभ पागोळ्यांकडं बघत राहिला. तिला वाटलं, कंटाळला. मग एकदम म्हणाला, "मला मार्क देणार का? रोज एक उपमा. तुमच्या रागावर."

"माझ्या रागावर कशाला?"

"दुसरं काही दाखवलंयत का अजून?"

तिनं वही मिटली. "बोला."

"मिरचीसारखा."

"शून्य. ऐकीव आहे."

दुसऱ्या दिवशी, "कुकरसारखा. शिट्टी झाली की शांत."

"अर्धा. आणि शांत कोण झालंय?"

तिसऱ्या दिवशी तो जरा जवळच्या पायरीवर बसला. "तुमचे डोळे..."

"खबरदार. कमळ म्हणालात तर खोली खाली करायची."

"कमळ नाही हो... तुमचे डोळे चिडल्यावर बारीक होतात. आमची आई सुईत दोरा ओवताना करायची तसे. नेम धरल्यासारखे."

तिचं लाल पेन हातात तसंच राहिलं. "एक," ती शेवटी म्हणाली. "पुरा एक मार्क. आता वर जा, आबा बघतायत."

आबा बघत नव्हता. आबा गोठ्यात होता. दोघांनाही ते माहीत होतं.

आवणीला रिहे गावाहून सगुणाबाई आत्या आली. आज आमच्या खाचरात, उद्या तुमच्या, अशी सावड त्यांच्यात वर्षानुवर्षं चालत आलेली. सौरभनं रजा टाकली होती. अर्धी चड्डी, डोक्यावर खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ, आणि गुडघ्याएवढा चिखल. त्यानं लावलेली ओळ बघून आत्यानं कपाळावर हात मारला, हात चिखलाचा आहे हे विसरून.

"अवो लातूरकर, रोप लावताय का घड्याळाचं काटं? एक हिकडं बघतोय, एक तिकडं!"

"बाई," सौरभ ओरडला, "आत्याबाईंना किती?"

"पैकीच्या पैकी!" रेश्मा हसली. मोकळं, खळखळून. तो रोप हातात धरून बघतच राहिला, आणि पाठीमागं धपकन चिखलात बसला.

"जावई चिखलात बसला की वरीस चांगलं जातंय," आत्या पुटपुटली.

"आत्ये!"

"मी काय बोलले? भाडेकरू म्हणले."

रेश्मा त्याच्या शेजारी येऊन वाकली. "असं नाही. तीन बोटांनी धरा. मूळ मोडायचं नाही. हं... दाबा... आता सोडा." तिची बोटं त्याच्या बोटांवर होती. पाणी गार होतं, चिखल कोमट. पाऊस पाठीवर टपटपत होता आणि दोघांपैकी कुणीच हात काढायची घाई करत नव्हतं.

"आबा सांगत होते," तो हळूच म्हणाला, "या रोपाची जागा उन्हाळ्यात पालापाचोळा टाकून जाळतात म्हणे. राब भाजतात. मला वाटलं होतं आग लागली की जमीन मरते. तर तिथंच रोप सगळ्यात चांगलं उठतं."

"मग?"

"मग काही नाही. तुमचा राग मला तसा वाटतो."

ती ताठ झाली. पदरानं तोंड पुसलं, तर गालावर चिखल लागला.

"किती मार्क?" त्यानं विचारलं.

"हात चालवा... रोप सुकतंय."

पण त्यानंतरची अख्खी ओळ तिनं न बोलता लावली. आणि रेश्मा न बोलता काही करतेय हे बघून आत्यानं वाल्मीकला कोपरानं ढोसलं.

त्या दिवसानंतर 'तुम्ही'चं 'तू' झालं. कुणी ठरवलं नाही. रविवारी दोघं धरणाच्या भिंतीवर जायची. पलीकडच्या डोंगरावर ढग उतरलेले, पाण्यावर वारा. मक्याचं कणीस अर्धं अर्धं. तो म्हणायचा, "हे पाणी जणू..." आणि ती म्हणायची, "जणू म्हणालास की उत्प्रेक्षा झाली. म्हणजे तुझी खात्री नाही. खात्री असेल तर सरळ बोल." तो हसायचा... आणि सरळ मात्र बोलायचा नाही.

श्रावणात शाळेनं तिच्या हातात पत्र ठेवलं. दुसऱ्या चाचणीतही तिच्या वर्गाचे मार्क गेले होते. शनिवारी पालकसभेत तिनं उभं राहून सांगायचं, की मी चुकीचं शिकवलं, माफ करा. नाही सांगितलं तर सोमवारपासून यायचं नाही.

"मी चुकीचं शिकवलं?" भिंतीवर उभं राहून ती वाऱ्यावर ओरडत होती. "पोरांना बघायला शिकवलं, ते चुकीचं? कोण बसलाय तो, तिथं आत, कमळं मोजत? एकदा समोर येऊ दे!"

सौरभचं कणीस हातातच राहिलं. चेहऱ्याचा रंग उडालेला.

"रेश्मा... ती यंत्रणा आमच्या कंपनीची आहे."

"काय?"

"उपमेखालची उत्तरं मी भरलीत. वरून एक गाइड दिलं होतं. त्यातली बघून बघून टाईप केली."

वारा एकदम फार जोरात वाहायला लागल्यासारखं तिला वाटलं.

"तुला कधी कळलं? की माझाच वर्ग आहे तो?"

"तू लिफ्टची गोष्ट सांगितलीस ना... तेव्हा."

"तेव्हा! आणि मग रोज पायरीवर बसून मला उपमा ऐकवत होतास? मार्क मागत होतास माझ्याकडं?"

"घाबरलो गं. वाटलं, सांगितलं तर तू माझ्याशी बोलायची बंद होशील."

"मी बोलत ऱ्हावं म्हणून तू पोरांचं बोलणं बंद केलंस."

"ऐक ना. मी आज बदलून टाकतो. तुझ्या वर्गाचे मार्क आपोआप वाढतील. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"कुणाला कळणार न्हाई!" तिचे डोळे बारीक झाले, आणि या खेपेला नेम त्याच्यावर होता. "पोरं बरोबर होती हे कळायला नको? गुपचूप मार्क टाकून त्यांना भीक घालणार तू? सौरभ, शनिवारी ये. सगळ्यांसमोर उभा राहा, आणि सांग की तुझं मशीन वाचत नाही."

"माझी नोकरी जाईल."

"माझी चाललीच हाय."

ती भिंतीवरून एकटी चालत गेली. पाठीमागं पावलं ऐकू येतात का म्हणून तिनं कान दिले होते. आली नाहीत.

मग घरात मुका कारभार सुरू झाला. तो पायऱ्या चढताना ती आत जायची. ओट्यावर लाल पेन नुसतं पडून असायचं. एकदा वाल्मीक ताट पुढं ओढता ओढता म्हणाला, "त्यो वरचा जेवत न्हाई दोन दिस."

"मग मी काय करू?"

"काय न्हाई. सांगितलं."

तिनं भाकरी मोडली. खाल्ली नाही. राग होता, भरपूर होता; पण त्याच्या बुडाशी काहीतरी होतं जे रागासारखं दिसत होतं आणि राग नव्हतं. मराठीची बाई असून त्याला नाव देता येईना, याचा तिला आणखी राग आला.

शनिवारी शाळेचा हॉल खचाखच भरला. महाळुंग्याच्या नव्या इमारतींमधले नोकरदार आईबाप, सुट्टीचा दिवस वाया गेल्याच्या तोंडानं बसलेले. पुढं टेबलामागं संस्थेचे साहेब.

"मॅडमना दोन शब्द बोलायचे आहेत," साहेब म्हणाले.

रेश्मा उभी राहिली. "माफी मागायला सांगितलंय मला. मागणार नाही. मुलांची उत्तरं बरोबर आहेत."

कुजबुज सुरू झाली. साहेब मंद हसले. "मॅडम, दहावी आहे. इथं मुलांना काय दिसतं याला किंमत नाही. परीक्षेला काय लागतं ते शिकवायचं."

"आणि परीक्षेला काय लागतं ते कोण ठरवतं?"

"मी ठरवलं," दारातून आवाज आला.

सौरभ होता. रेनकोटातून पाणी निथळत होतं. दाढी वाढलेली. तो थेट टेबलापाशी गेला, आणि तिच्याकडं न बघता लोकांकडं वळला.

"म्हणजे... मी भरलं. ही तपासणारी यंत्रणा आमची आहे. ती उत्तर वाचत नाही, जुळवते. एका गाइडातली उदाहरणं मी तिच्यात टाकली, जेवणाच्या सुट्टीआधी उरकायचं म्हणून घाईघाईत. त्याच्याबाहेर सूर्य उगवला तरी ती शून्यच देणार. जुईलीचं उत्तर बरोबर आहे. कशाला, कशासारखं, कुठल्या गुणानं, सगळं आहे त्यात. शून्य मिळायला हवं ते मला."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुम्ही राहता कुठं?"

"कासारसाईला."

"कुणाकडं?"

"रेश्मा मॅडमच्या घरी. भाड्यानं."

"अच्छा..." साहेबांनी तो शब्द लांबवला, आणि मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. "म्हणजे साक्षीदार घरचाच आहे. मग सांगून टाका, तुमचं आणि मॅडमचं नातं काय?"

रेश्माचे कान तापले. आता हा नाही म्हणेल, असं तिला वाटलं. नाही म्हणाला तर त्याची साक्ष टिकेल. नाहीच म्हणायला हवं होतं त्यानं. आणि तो नाही म्हणाला तर... तिनं साडीचा काठ मुठीत घट्ट धरला.

"माझ्याकडून प्रेम आहे," सौरभ म्हणाला. "त्यांच्याकडून काय आहे ते विचारायचं धाडस झालेलं नाही. सध्या बहुतेक राग आहे. पण साहेब, माझं प्रेम नसतं तरी ती लिफ्ट धापा टाकतच वर आली असती."

मग मधल्या रांगेतून एक बाई उठल्या. "मी जुईलीची आई. समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतो आम्ही. चला साहेब, येऊन ऐका. माझे सासरे आणि ती लिफ्ट एकत्रच खोकतात."

हॉल दणाणला. लोक हसले, आणि हसता हसता चिडले. एक बाप म्हणाला, आमच्या मुलानं काय लिहिलं होतं ते दाखवा. दुसरा म्हणाला, माणसानं तपासलेला पेपर दाखवा, फी माणसांकडूनच घेता ना? साहेबांचं हसू कुठल्या कुठं गेलं. पेपर परत हातानं तपासले जातील, असं त्यांना उभं राहून सांगावं लागलं. माफीचं पत्र त्यांनी स्वतःच घडी करून खिशात घातलं. "पण वर्षभर आमचं लक्ष राहील, मॅडम," ते जाता जाता म्हणाले.

"ठेवा," रेश्मा म्हणाली. "लक्षच द्यायला सांगतेय मी सगळ्यांना."

बाहेर पोर्चमध्ये पाऊस तिरपा आत येत होता. सौरभचा फोन खिशात थरथरत होता. ऑफिसचा असणार. त्यानं न बघताच तो बंद केला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला, ओला, घाबरलेला, थोडासा हसरा.

"झालं ना सगळं नीट?" तो म्हणाला.

"काय नीट?" ती फिसकारली. मॅडमपण गळून पडलं होतं. "अख्ख्या महाळुंग्याला सांगितलंस. साहेबाला सांगितलंस, जुईलीच्या आईला सांगितलंस. आज संध्याकाळी आत्याला रिह्यात कळंल. आणि मला? मला कवा सांगणार हुतास? पेपरात छापून?"

"रेश्मा... तू म्हणजे ना... जणू..."

"जणू न्हाई!" तिनं त्याच्या रेनकोटाची बाही पकडली. डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात धार. "आन् सारखी बी न्हाई. लई ऐकलं. तितं आत साहेबानं विचारल्यावर बोललास, आता मी विचारते. आयुष्यभर माझी बोलणी खायाची, आबाच्या खाचरात वाकायचं, आन् पुन्यांदा कंदी घाबरून गप बसायचं न्हाई. हाय तयारी? लगीन करणार माझ्यासंगं?"

त्याची नजर पावसाकडं गेली.

"माझ्याकडं बघ. पावसाकडं न्हाई. व्हय का न्हाई, सौरभ? सांग!"